कुसुंब्याची धावपट्टी : जळगावच्या विमानसेवेची वाटचाल

जळगावहून अजिंठा रस्त्याला लागले, की औद्योगिक वसाहत मागे पडल्यावर कुसुंबा शिवार येते. शहराचा विमानतळ इथेच आहे. सुमारे १७०० मीटरची धावपट्टी, आटोपशीर प्रवासी इमारत आणि भोवती काळ्या मातीची शेते. १९७३ पासून या धावपट्टीचे चार कारभारी झाले आणि २०१७ पासून चार विमान कंपन्यांनी तिच्यावरून प्रवासी नेले. कारभारी बदलत गेले तशी धावपट्टी सुधारत गेली. कंपन्यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. पहिल्या दोघी वाजतगाजत आल्या आणि काही वर्षांतच मिटल्या. त्या दोघींचा उदय आणि अस्त सांगितल्याशिवाय या विमानतळाचा इतिहास पुरा होत नाही. त्या का बुडाल्या, याचे उत्तर खान्देशात शोधून सापडत नाही, आणि हीच गोष्ट जळगावकरांनी नीट समजून घेण्यासारखी आहे.

सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये ही धावपट्टी बांधली. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी धावपट्टी असावी, असा तो काळ होता. मंत्र्यांचे दौरे, निवडणुकीचा हंगाम, एखाद्या उद्योजकाचे खासगी विमान एवढाच तिचा वापर. एप्रिल १९९७ मध्ये विमानतळाचा कारभार जळगाव नगरपालिकेकडे आला. सतरा मजली प्रशासकीय इमारत उभी करणाऱ्या या पालिकेने विमानतळही सांभाळला, ही तिच्या इतिहासातली मोठी नोंद आहे. नळपट्टी-घरपट्टी वसूल करणारी संस्था धावपट्टीची देखभाल करते, असे उदाहरण महाराष्ट्रात सहजी मिळणार नाही. दहा वर्षांनी, एप्रिल २००७ मध्ये, कारभार महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेला आणि जुलै २००९ मध्ये राज्य सरकारने करार करून तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे सोपवला.

विमानाची गरज नेमकी कुणाला होती? जळगावचा सराफ बाजार देशभर नावाजलेला आहे. इथे डाळ मिल आहेत, तेल गिरण्या आहेत, पाइप आणि ठिबकचे कारखाने आहेत. रावेर-यावलच्या केळीचा व्यापार दिल्लीपर्यंत चालतो. भवरलाल जैन यांनी उभ्या केलेल्या जैन उद्योगसमूहाकडे परदेशी पाहुण्यांची ये-जा असते. अजिंठ्याची लेणी इथून साठेक किलोमीटरवर. एवढे असून मुंबईला जायचे म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरचा रेल्वेप्रवास. रात्री गाडीत बसायचे, पहाटे दादरला उतरायचे, दिवसभर कामे उरकायची आणि पुन्हा रात्रीची गाडी पकडायची. पुण्याचे तर विचारूच नये. थेट गाड्या मोजक्या, म्हणून रोज रात्री ट्रॅव्हल्सच्या गाड्या भरभरून जातात. विमानच हवे असेल तर दीडशे किलोमीटरवरचा, छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ गाठायचा. मधली काही वर्षे अजिंठा मार्गे जाणाऱ्या त्या रस्त्याचे काम रखडले होते. त्या खड्ड्यांतून ज्यांनी विमान गाठले, त्यांना जळगावच्या विमानतळाचे मोल कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या विमानतळाला खरा आकार आला तो प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना. १९६२ मध्ये जळगावातून त्या पहिल्यांदा विधानसभेत गेल्या, पुढे एदलाबादचे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचे, त्यांनी दीर्घकाळ प्रतिनिधित्व केले. जून २०१० मध्ये त्यांच्या हस्ते विमानतळाच्या विकासकामाची पायाभरणी झाली आणि मार्च २०१२ मध्ये त्यांनीच नव्या विमानतळाचे उद्घाटन केले. धावपट्टी सुधारली, नवी प्रवासी इमारत उभी राहिली, विमाने उभी करायला जागा झाली.

मग पावणेसहा वर्षे वाट पाहणे आले. इमारत होती, कर्मचारी होते, अग्निशमन बंब होते, पण वेळापत्रकाचे विमान नव्हते. कंपन्यांचा हिशेब सरळ होता. मोठे जेट विमान या धावपट्टीवर भागत नाही आणि लहान विमान परवडत नाही. भाडे परवडावे इतके वाढवले तर प्रवासी रेल्वेच्या वातानुकूलित डब्याकडे वळतो. ही कोंडी फोडायला कुणीतरी मधला तोटा सोसणे भाग होते.

तो भार ‘उडान’ योजनेने उचलला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती जाहीर केली. तासाभराच्या प्रवासाला साधारण २५०० रुपये ही भाड्याची मर्यादा. विमानातल्या निम्म्या जागा या दराने विकायच्या आणि कंपनीचा तोटा सरकारने भरून द्यायचा, त्यात केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २० टक्के. छोट्या विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ, इंधनावरचा राज्याचा कर १ टक्का. त्या मार्गावर तीन वर्षे दुसऱ्या कंपनीला मज्जाव. मार्च २०१७ मध्ये पहिल्या फेरीत १२८ मार्ग पाच कंपन्यांना मिळाले. त्यातले ५० एअर ओडिशाला आणि ३४ एअर डेक्कनला. म्हणजे दोन तृतीयांश मार्ग अशा दोन कंपन्यांच्या हाती गेले, ज्यांच्याकडे विमाने अगदी थोडी होती. जळगावचा मुंबई मार्ग एअर डेक्कनच्या वाट्याचा.

एअर डेक्कन हे नाव मात्र वजनदार होते. लष्करातून कॅप्टन म्हणून बाहेर पडलेले, कर्नाटकात रेशीमशेती केलेले जी. आर. गोपीनाथ यांनी २००३ मध्ये ही कंपनी काढली. सामान्य माणसाने विमानात बसावे, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या एक रुपयाच्या तिकिटांची देशभर चर्चा झाली. हुबळीसारख्या गावांना त्यांनी एटीआर विमानांनी जोडले. कंपनी झपाट्याने वाढली, तोटाही तितक्याच वेगाने वाढला. २००७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या समूहाने तिच्यात हिस्सा घेतला, पुढच्या वर्षी ती किंगफिशरमध्ये विरून गेली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरही जमिनीवर आली. ‘उडान’च्या निमित्ताने गोपीनाथ यांनी जुने नाव पुन्हा उभे केले. त्या दुसऱ्या जन्मातली पहिली भरारी होती मुंबई ते जळगाव. तारीख २३ डिसेंबर २०१७.

त्या दिवशी कुसुंब्याला उतरलेले विमान बीचक्राफ्ट १९०० डी जातीचे होते. दोन पंखे, आत दोनच रांगा, मधून वाट. त्यामुळे प्रत्येक प्रवाशाला खिडकीही आणि वाटेची बाजूही. दार खाली उघडले की त्याचीच शिडी होते, वेगळी शिडी लागत नाही. विमान इतके लहान, की पुढच्या रांगेतल्या माणसाला वैमानिकांची पाठ दिसावी. शहराला त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच होते. रात्र घालवणारा प्रवास तासाभरावर आला होता.

पण हिशेब मांडून पाहावा. अठरा जागांचे विमान, सगळ्या जागा २५०० रुपयांना विकल्या तरी एका फेरीचे ४५ हजार. तेवढ्यात दोन वैमानिकांचे पगार, इंधन, देखभाल, डॉलरमध्ये मोजायचे विमानाचे भाडे आणि मुंबईचा खर्च. सत्तर जागांच्या एटीआरलाही वैमानिक दोनच लागतात, आणि तिथे त्याच दराने पावणेदोन लाख जमा होतात. म्हणजे लहान विमान सरकारी मदतीवर जगते, आणि मदत मिळते ती उडालेल्या फेरीवर. फेरी रद्द झाली की उत्पन्न गेले, मदतही गेली, खर्च मात्र चालूच. ताफा इतका लहान, की एक विमान दुरुस्तीला गेले तर त्याच्या जागी पाठवायला दुसरे नाही.

त्यात मुंबईची अडचण. तिथल्या विमानतळावर उतरण्या-उडण्याची प्रत्येक वेळ आधीच वाटून दिलेली असते, आणि अठरा प्रवाशांच्या विमानाला धावपट्टीवर जागा करून द्यायची तर शे-दीडशे प्रवाशांच्या विमानाची वेळ अडते. त्यामुळे एअर डेक्कनला सोयीच्या वेळा मिळेनात. जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे असते. दुपारी निघून दुपारीच पोचवणारे विमान त्याच्या कामाचे नाही. नाशिक, कोल्हापूर आणि जळगाव, राज्यातली तिन्ही शहरे या एका दोरीला बांधलेली होती आणि तिचे टोक सांताक्रूझला होते.

फेऱ्या चुकू लागल्या. आज आहे, उद्या रद्द, परवाचे कळवू. प्रवाशाला एकदा फसलेले तिकीट विसरायला वर्ष लागते. तोवर तो पुन्हा रात्रीच्या गाडीचे आरक्षण करून मोकळा होतो. जळगावची सेवा अशी गळत गळत बंद पडली. एअर ओडिशाची अवस्था याहून वेगळी नव्हती, आणि दोन्ही कंपन्यांचे बरेच मार्ग पुढे रद्द झाले. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत एअर डेक्कनने कामकाज थांबवून कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. त्यानंतर ती उडाली नाही.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे नाही. सोव्हिएत संघ मोडल्यावर एरोफ्लोट या एकमेव सरकारी कंपनीचे प्रादेशिक विभाग सुटे झाले आणि रशियात शेकडो लहान विमान कंपन्या निघाल्या. सायबेरियात येनिसेई नदीकाठच्या क्रास्नोयार्स्क शहराची ‘क्रासएअर’ त्यातलीच. मुळात स्थानिक विभाग, पुढे ती देशातल्या मोठ्या कंपन्यांत गेली आणि आणखी चार कंपन्यांना बरोबर घेऊन तिने ‘एअरयुनियन’ नावाचा गट बांधला. २००८ च्या उन्हाळ्यात खनिज तेलाने पिंपाला १४० डॉलरचा टप्पा ओलांडला, उधारी थकली आणि ऑगस्टमध्ये विमानतळांनी इंधन देणे बंद केले. हजारो प्रवासी ठिकठिकाणी अडकले. वर्षअखेरपर्यंत कंपनी संपलेली होती. क्रास्नोयार्स्कला प्रवाशांची वाण नव्हती. सायबेरियात अंतरे अशी आहेत, की विमानाला पर्याय नाही. प्रवासी असूनही कंपनी मेली, कारण तिचा जीव इंधनाच्या उधारीत अडकला होता. जळगावची गोष्ट याच जातीची आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये दुसरी पाहुणी आली. हैदराबादची ‘ट्रूजेट’. तिची पितृकंपनी टर्बो मेघा, पाठीशी मेघा इंजिनिअरिंगसारखा बांधकाम क्षेत्रातला बलाढ्य समूह, आणि तेलुगू अभिनेते रामचरण यांचे नाव जोडलेले. जुलै २०१५ मध्ये हैदराबाद-तिरुपती मार्गाने सुरुवात करून तिने दक्षिणेत बस्तान बसवले होते. ‘उडान’चा शुभारंभ २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्यात झाला, त्याच दिवशी तिने नांदेड-हैदराबाद सेवा सुरू केली. नांदेडला हुजूर साहिबच्या यात्रेकरूंमुळे ती चालली. जळगावला तिने अहमदाबाद आणि मुंबई अशी दोन्ही टोके दिली. अहमदाबाद हे नाव ऐकून जळगावची बाजारपेठ सुखावली. खान्देशचे व्यापारी नाते गुजरातशी जुने आहे, आणि सुरतेकडे जाणारा ताप्ती खोऱ्यातला लोहमार्ग शतकभर ते नाते वाहतो आहे.

ट्रूजेटचे विमान एटीआर ७२. पंख वरच्या बाजूला, खाली दोन मोठे पंखे. आखूड धावपट्टीसाठीच जन्मलेले यंत्र. तरी खान्देशचा उन्हाळा त्याचीही परीक्षा पाहतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, आणि त्याच विमानाला उडायला जास्त लांब धावावे लागते. धावपट्टी लांबवता येत नाही, म्हणून वजन उतरवावे लागते. म्हणजे काही जागा रिकाम्या ठेवायच्या, नाहीतर इंधन कमी घ्यायचे. भर उन्हाळ्यातली सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांत म्हणूनच कंपनीच्या पैशांचा फरक असतो. जळगावसाठी सकाळ-संध्याकाळची वेळ मागणारे फक्त व्यापाऱ्यांची सोय मागत नाहीत, विमानाच्या प्रकृतीलाही तीच वेळ मानवते.

ट्रूजेटने जळगावला पहिल्यांदा विमानाची सवय लावली. एअर डेक्कनपेक्षा चौपट जागा, त्यामुळे कुटुंबे प्रवास करू लागली. आणि सहा-सात महिन्यांतच करोना आला. २५ मार्च ते २४ मे २०२० या दोन महिन्यांत देशांतर्गत वेळापत्रकाचे एकही प्रवासी विमान उडाले नाही. मोठ्या कंपन्यांनी तोटा पचवला, प्रादेशिक कंपन्यांना तेवढे पोट नव्हते. उड्डाणे पुन्हा सुरू झाली तरी ट्रूजेट सावरली नाही. विमाने कमी होत गेली, नव्या गुंतवणूकदारांच्या घोषणा झाल्या, पैसा वेळेवर उभा राहिला नाही. फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला कंपनीने उड्डाणे तात्पुरती थांबवत असल्याचे जाहीर केले. ती पुन्हा सुरू झालीच नाहीत. जळगावच्या मार्गाची तीन वर्षे त्या सप्टेंबरात भरायची होती, त्याच्या सात महिने आधीच कुसुंब्याची धावपट्टी पुन्हा मोकळी झाली.

भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये ‘उडान’चा हिशेब संसदेपुढे ठेवला तेव्हा जळगाव एकटे नसल्याचे दिसले. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि मदत संपल्यानंतरही टिकलेले मार्ग फक्त ५४. याच मुलुखात टिकलेलेही आहेत, हे सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाने जानेवारी २०१९ मध्ये ‘स्टार एअर’ सुरू केली. पन्नास आसनांची जेट विमाने घेतली, मुळे बेळगाव-हुबळीकडे रुजवली, हळूहळू वाढवली आणि ती आजही उडते आहे. मार्ग थोडे, विमाने मार्गांना पुरतील एवढी आणि मालकाचा खिसा खोल, एवढ्या तीन गोष्टी जमल्या की प्रादेशिक कंपनी जगते.

प्रवासी विमाने नसली म्हणून खान्देशचे आकाश रिकामे राहिले नाही. धुळ्याजवळ गोंदूरला सत्तरच्या दशकातली जुनी धावपट्टी आहे. तिथे मुंबईच्या गर्दीला कंटाळलेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले प्रशिक्षण आणले. १९२८ मध्ये स्थापन झालेला हाच तो क्लब, जिथे जे. आर. डी. टाटा विमान चालवायला शिकले आणि १९२९ मध्ये भारतात दिलेल्या वैमानिक परवान्यांतला पहिला क्रमांक त्यांना मिळाला. त्या परंपरेतली मुले आज गोंदूरवर घिरट्या घालतात. शिरपूरलाही धावपट्टी आहे आणि वैमानिक घडवणारी संस्था आहे. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणशाळांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारीबरोबर जळगाव होते.

या शिक्षणाची किंमतही खान्देशाने पाहिली आहे. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून उडालेले एक प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या कुशीत कोसळले. प्रशिक्षक वैमानिक जागीच गेले, शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. चिखलाची वाट, रस्ता दूर. तिथल्या आदिवासी बांधवांनी धाव घेतली, एका महिलेने अंगावरची साडी दिली, तिची झोळी केली आणि त्या झोळीतून जखमी मुलीला डोंगरातून खाली आणले. विमानतळाच्या इतिहासात या माणसांची नोंद व्हायलाच हवी.

दोन वर्षांच्या खंडानंतर २०२४ मध्ये विमाने परतली. गोव्याच्या ‘फ्लाय ९१’ या नव्या कंपनीने त्या वर्षीच्या मार्चमध्ये पहिले व्यावसायिक उड्डाण केले आणि लगोलग जळगावला गोवा, हैदराबाद आणि पुढे पुण्याशी जोडले. सरकारी मालकीच्या अलायन्स एअरने मुंबईची सेवा सुरू केली. दोघींकडे एटीआर ७२. म्हणजे विमानाची निवड योग्य आहे. पुण्याच्या सेवेचे महत्त्व मुंबईपेक्षाही जास्त मानावे लागेल. मुंबईला रात्रीची गाडी आहे, पुण्याला मात्र शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गेलेली खान्देशची हजारो मुले आहेत आणि रात्रभराचा बसप्रवास आहे.

आता करण्याजोगे काय, ते या इतिहासातूनच दिसते. एअर डेक्कन मुंबईच्या वेळेवाचून आणि पुरेशा ताफ्यावाचून पडली, ट्रूजेट भांडवलावाचून. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या व्यापारी आणि उद्योजक संघटनांनी, लोकप्रतिनिधींनी एकत्र येऊन मुंबईत सकाळ-संध्याकाळची कायमची वेळ पदरात पाडून घ्यावी. नवी मुंबईच्या विमानतळाने त्यासाठी दार उघडले आहे. धावपट्टी लांबवण्याचा प्रश्न जमिनीशी निगडित आहे, त्यात कुसुंबा परिसरातल्या शेतकऱ्यांना आधी विश्वासात घ्यावे. आणि ज्यांना परवडते त्यांनी तिकीट काढावे, एखादी फेरी चुकली तरी पुन्हा काढावे. ‘उडान’खालच्या मार्गाला मदत तीन वर्षांचीच असते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या अशा मार्गांची मुदत २०२७ मध्ये संपते.